बाईंचा उपास

"माया जास्त ठेव गं," असं म्हणून बाई दोन्ही हात वर करायच्या आणि माप होईपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभ्या राहायच्या.

शिवण न करणाऱ्यांसाठी सांगते. कपडा शिवताना शिलाईच्या आत जी जादा पट्टी सोडतात तिला आम्ही माया म्हणतो. अंग वाढलं की शिलाई उसवायची आणि त्या मायेतून कपडा मोठा करायचा. बाकीच्या बायकांना बोटभर माया पुरते. बाई दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच ठेवायला लावायच्या, आणि तरी वर्षाच्या आत ब्लाउज परत माझ्याकडे यायचा. परकराच्या मापाला माझी टेप पुरत नव्हती. मी दोन टेप पिनेनं जोडून ठेवल्या होत्या, त्यांच्यापुरत्या, वेगळ्या डब्यात.

"आकडा मोठ्यानं बोलू नको," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. मी आकडा नुसता वहीत लिहायची. त्यांनी कधी वहीत डोकावून पाहिलं नाही.

वारूळवाडीत माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. समोरचा रस्ता ओलांडला की अंगणवाडी, आणि तिथल्या सेविका म्हणजे या बाई. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. पोरं, पोरांच्या आया, सरपंच, दूधवाला, सगळे नुसतं "बाई" म्हणायचे. मला त्या "टेलर" म्हणायच्या. "काय टेलर, मशीन बंद का आज?" असं रस्त्यातूनच विचारत यायच्या आणि दारात आल्या की चौकटीला धरून थोडा वेळ थांबायच्या, कारण तेवढ्या पंचवीस पावलांनी त्यांना दम लागायचा.

आत आल्यावर त्या आधी खुर्ची हलवून बघायच्या. "टिकशील ना गं बाई?" हे खुर्चीला. मग सावकाश बसायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी आपण खुर्चीकडे बघतो, आणि आपण बघितलं हे त्यांना कळतं. बाईंनी त्यावर इलाज काढला होता. लोकांनी बघायच्या आत त्या स्वतःच खुर्चीशी बोलून मोकळ्या व्हायच्या. पुढे मी सुताराकडून एक जाडजूड लाकडी बाक करून आणला. तो का आणला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत पोरांची वजनं व्हायची. वाशाला टांगलेला काटा, त्याला कापडी झोळी, झोळीत रडणारं पोर. बाई एका हातानं झोळी सावरत, दुसऱ्या हातानं पोराला खुळखुळा दाखवत आकडा वाचायच्या. एखाद्या पोराचं वजन मागच्या महिन्याइतकंच भरलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "ह्यांचं वाढंना आन माझं थांबंना," त्या म्हणायच्या, आणि सगळ्या आया हसायच्या. बाईही हसायच्या. पण त्याच दुपारी त्या पोराच्या घरी जायच्या, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर असलं तरी. वाटेत तीन ठिकाणी त्यांचे बसायचे दगड ठरलेले होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. गरम पाण्यात लिंबू पिळा, रात्रीचं जेवण सोडा, पहाटे चाला, कुणाच्या जावेनं कसली पावडर घेऊन किती उतरवलं. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, करूनही बघायच्या. चार-सहा किलो कमी व्हायचे, मग दुप्पट परत यायचे. एकदा एका बाईनं माझ्यासमोर म्हटलं, "तोंडाला आवर घातला की झालं." बाई डब्यातली अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खात राहिल्या. आता लपवून काय करायचं, मलाही आतून तसंच वाटायचं. ही बाई घरी जाऊन गुपचूप खात असणार, असं मी किती वर्षं मनात धरून होते. त्याची मला आज लाज वाटते.

माझं मन पालटलं ते एका दुपारी. बाई ब्लाउज न्यायला आल्या होत्या, हूक लावायचे राहिले होते म्हणून बाकावर बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. घोरणं मोठं होतं, मी मनात हसले. मग ते एकदम थांबलं. मी मशीनवरून पाय काढला. छाती हलत नव्हती. मी नकळत मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि वीसच्या पुढे गेल्यावर उठून त्यांचा खांदा धरला तेव्हा त्यांनी मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेतला.

"काय झालं गं?"

"बाई, तुमचा श्वास थांबला व्हता."

"थांबतो तो. हे पण म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "हे" म्हणजे त्यांचे यजमान. पिकअप चालवायचे, फार न बोलणारा माणूस. "झोपेत मला ढकलत बसत्यात बिचारे."

त्या दिवसापासून बाई बाकावर टेकल्या की माझं शिवणात लक्ष लागेना.

मीच मागे लागून त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. साखर वाढलेली, प्रेशर वाढलेलं, गुडघे गेलेले. डॉक्टरांच्या काट्यावर उभ्या राहिल्या तर काटा शेवटच्या आकड्याला जाऊन अडकला. "बरोबर वजन कळल्याशिवाय पुढं पाठवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. मग बाईंच्या यजमानांनी ओळखीच्या एका टोमॅटोच्या गाळ्यावर विचारलं. गर्दी व्हायच्या आत सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. ज्या लोखंडी काट्यावर टोमॅटोचे कॅरेट, म्हणजे प्लॅस्टिकची खोकी, ठेवतात त्यावर बाई चढल्या. मापाड्याला बिचाऱ्याला सवय. त्यानं आकडा दिसल्याबरोबर खड्या आवाजात पुकारला, "एकशे अडतीस!"

पलीकडच्या गाळ्यावरची चार डोकी वळली.  बाई काट्यावर तशाच उभ्या, आणि म्हणाल्या, "कॅरेटचं वजन वजा केलं का रं?"

मापाडी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. बाई यजमानांच्या खांद्याला धरून उतरल्या. पिकअपमध्ये बसल्यावर मात्र त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुण्याच्या हॉस्पिटलात मला बरोबर नेलं, कारण यजमानांना दवाखान्यात काही विचारायचं सुचत नसे आणि बाईंना एकटीनं ऐकायची भीती वाटत होती. डॉक्टर शांत होते. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, "हा आजार आहे. तोंडाचा हावरेपणा नाही. शरीर वजन सोडत नाही, तुम्ही कमी खाल्लं की ते जास्त धरून ठेवतं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

मग त्यांनी कागदावर पोट काढलं. एक उपाय फुग्याचा. तोंडातून पोटात फुगा सोडायचा, थोड्या महिन्यांनी काढायचा. कापाकापी नाही, पण एवढ्या वजनाला तो पुरणार नाही. दुसरा स्लीव्हचा. पोटाच्या पिशवीचा मोठा भाग कापून टाकायचा आणि उभी अरुंद नळी ठेवायची. तिसरा बायपासचा. पोटाचा वरचा छोटा भाग वेगळा करायचा आणि आतडं तिथे आणून जोडायचं, म्हणजे अन्नाची वाटच बदलते.

"स्लीव्ह म्हणजे आमची बाही?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

डॉक्टर हसले. "तीच. पोटाची बाही शिवतो असं समजा. फक्त दोऱ्याऐवजी बारीक पिना."

"ह्यातलं उसवता येनारं कोनतं?" बाईंनी विचारलं. माझ्याकडे येऊन येऊन त्यांना आमची भाषा लागली होती.

"फुगा काढता येतो. बायपास कधी कधी उलटवता येतो, पण सोपं नाही. स्लीव्ह कापलं की कापलं."

कापडाला कात्री लावण्याआधी मी तीनदा मोजते. कापलेल्या पोटाला माया कुठून आणायची, हे माझ्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांचं म्हणणं असं, की साखरेला बायपास चांगला, पण त्याला वेळ जास्त लागतो, आणि बाईंच्या श्वासाकडे बघता कमी वेळाचं ऑपरेशन बरं. आधी स्लीव्ह करू, गरज पडली तर पुढे दुसरं. आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील, चार घासांवर थांबावं लागेल, तपासण्या चुकवायच्या नाहीत. ऑपरेशनात धोका आहे, थोडा आहे, पण आहे.

"आन न्हाईच केलं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तोही धोकाच आहे. माझ्या मते जास्त मोठा."

परतीच्या वाटेवर चाकण आल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बाहीच करू या. टेलर जवळ हाय."

झोपताना नाकातोंडावर लावायचं हवेचं मशीन त्यांना दिलं. "हत्तीची सोंड," बाई म्हणायच्या. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस फक्त पातळ घ्यायचं होतं, ताक, सार, गाळलेलं सूप, एक पावडर. बाईंनी ते इतकं कडक पाळलं की अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना त्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या. अकराव्या दिवशी मला म्हणाल्या, "टेलर, दातांना काम न्हाई. दात इसरून जातील." मी हसले खरी, पण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

हॉस्पिटलनं निरोपासाठी माझा नंबर घेतला होता. बाईंचा फोन अंगणवाडीच्या नोंदी भरण्यात अडकलेला, यजमान गाडीवर. आदल्या दुपारी सिस्टरचा फोन आला. "पेशंटला उद्या सकाळी सातला आणा. उपाशी पोटी."

मी दारात गेले आणि रस्त्यापलीकडे ओरडले, "बाई! उद्या सकाळी सातला! उपास हं उद्या!"

"हायेच उपास!" बाई तिकडून ओरडल्या. "संकष्टी हाय उद्या!" त्यांचा चेहरा उजळला होता. गणपतीच्याच दिवशी ऑपरेशन, यापेक्षा चांगला योग कुठला.

आता इथे मला थोडं घरचं सांगायला हवं. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात संकष्टी, एकादशी, सोमवार, काही नाही. उपास म्हणजे पोटात काही नसणं, एवढाच अर्थ मी धरून चालले होते. साबुदाणा आमच्याकडे होतो, पण तो आवडतो म्हणून, कुठल्याही वारी. उपास म्हणजे खायचं, पण वेगळं खायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एवढी वर्षं मी याच गल्लीत राहते. पण त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही. सिस्टर "उपाशी" म्हणाली आणि मी "उपास" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो. बाईंनी हॉस्पिटलचा हिरवा झगा घातला. पुढून तो बंद होईना, तेव्हा "ह्याला माया न्हाई ठेवली," असं माझ्याकडे बघून म्हणाल्या. सिस्टर कागद भरत होती.

"काल शेवटचं कधी जेवलात?"

"जेवन कुठलं, पंधरा दिस पातळच हाय."

"आज सकाळी काही?"

"आज उपास हाय माझा."

सिस्टरनं लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते. मला बरं वाटलं, की बाईंनी नीट पाळलं.

त्यांनी मंगळसूत्र आणि बांगड्या काढून यजमानांच्या हातात दिल्या, पिशवी माझ्याकडे दिली. चाकांच्या खाटेवरून नेताना हात वर करून आम्हाला "जावा, च्या प्या," असं खुणेनं सांगितलं. दार मिटलं.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं यजमान म्हणाले, "ताई, पिशवीत डबा हाय बघा. तुमी काय खाल्लं नसंल. तिनं पहाटं उठून केलीय." मी डबा काढला. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, वर कोथिंबीर. झाकणात दोन चमचे. मी चमचा उचलला.

"त्यांनी पन खाल्ली का?" मी सहज विचारलं. का विचारलं, मला अजून माहीत नाही.

"व्हय. निघताना ताटलीभर खाल्ली. लई दिवसांनी दाताला काय तरी लागलं म्हनून खुश व्हती. पंधरा दिस भरले, आन उपासाला चालतीच की."

चमचा कुठे पडला मला आठवत नाही. मी पळत सुटले. जिना कुठला, दार कुठलं, काही कळत नव्हतं. बाई तपासणीला आत गेल्या असताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की पोटात काही असलं आणि भूल दिली, तर ते वर येऊन फुप्फुसात जातं आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो. दारावरच्या माणसानं मला अडवलं. मी ओरडले, "तिनं खाल्लंय! त्या बाईंनी खाल्लंय! भूल देऊ नका!" तो आत गेला. दार परत मिटलं. तेवढा वेळ मी कसा काढला हे मला सांगता येणार नाही. मी श्वास मोजत होते, पण माझेच.

भूल देणारे डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढत. "अजून दिली नव्हती," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत." 

बाईंना बाहेर आणलं तेव्हा त्या गोंधळून गेल्या होत्या. सगळे आपल्यावर चिडले आहेत एवढंच त्यांना कळलं होतं. "मी म्हनलं ना उपास हाय म्हनून," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मी खोटं कुटं बोलले?"

त्या खोटं बोललेल्या नव्हत्या. मी यजमानांसमोर, डॉक्टरांसमोर सांगून टाकलं, की चूक माझी, मी उपास म्हणाले. बाईंनी माझा हात दाबला. "न्हाई वो, तिनं बराबर सांगितलं व्हतं. माझ्याच डोक्यात न्हाई शिरलं." गावातही त्यांनी शेवटपर्यंत हेच सांगितलं. मला ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

पुढची तारीख दीड महिन्यानं मिळाली. या दीड महिन्यात गावानं आपापला अर्थ लावला. "गणपतीनंच अडवलं," मंचरहून बाईंच्या माहेरची माणसं येऊन सांगून गेली. "देवाच्या मनात न्हाई, तर कापू नका." काहीजणी दबक्या आवाजात हसल्या. ऑपरेशनला जाताना खिचडी हाणून गेली, म्हणजे बघा. बाई हसण्यात सामील झाल्या, पण त्यांनी हवेचं मशीन कोपऱ्यात ठेवून दिलं आणि माझ्याकडे यायचं कमी केलं. आल्या तरी ऑपरेशनचं नाव काढायच्या नाहीत. सिस्टरनं फोन करून विचारलं तेव्हा "बाई घाबरल्यात" एवढंच मी सांगितलं.

मी काय बोलणार होते? जा म्हणावं, आणि टेबलावर काही झालं तर? नका जाऊ म्हणावं, तर बाकावर थांबलेला तो श्वास मी मोजलेला होता. ज्या तोंडानं एक शब्द चुकीचा सांगितला, त्या तोंडानं दुसरा सांगायचं मला धाडस होत नव्हतं. मी नुसती त्यांच्या येण्याची वाट बघत मशीन चालवायची, आणि त्या रस्त्यात दिसल्या की पावलं मोजायची.

एक दिवस दुपारी त्या तरातरा आल्या. म्हणजे त्यांच्या परीनं तरातरा. चौकटीपाशी थांबल्याही नाहीत. बाकावर बसून रागानं म्हणाल्या, "ती वस्तीवरची मला काय म्हनली ठावं हाय?"

वस्तीवरच्या एका बाईचं वर्षाचं पोर फारच हडकलं होतं. त्याला सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस भरती करायला हवं होतं. बाई चार वेळा जाऊन आल्या होत्या, पण पोराची आई दवाखान्याला भ्यायलेली. सुया टोचतील, पोर दगावेल, म्हणून नकोच म्हणत होती. त्या दिवशी बाईंनी तिला जरा झापलं. तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमी तरी गेला का? तुमी पन भिऊन माघारीच आला की."

बाई सांगता सांगता थांबल्या. डोळे भरले होते. "टेलर, ती बराबर बोलली गं. मी तिला कोनत्या तोंडानं सांगू?"

मी शेजारी जाऊन बसले. पहिल्यांदाच मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "बाई, जा तुमी. मला तुमची लई भीती वाटते. तुमी झोपला की मला भीती वाटते."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तिला मी सांगून आलीय. तू पोराला घेऊन जा, मी माझ्या तारखेला जाते. बघू कोन भेतंय."

ते पोर भरती झालं. बाईंनी पुन्हा पातळ सुरू केलं, हवेचं मशीन पुसून उशाशी लावलं. माहेरच्या माणसांना फोनवर सांगितलं, "गनपतीनं अडवलं न्हाई, वाचवलं. आता जाते." दवाखान्यातून पोराचा फोटो आला, गालावर थोडं मांस आलेला. तो त्यांनी मला दाखवला, दुकानात आलेल्या प्रत्येकीला दाखवला. दम तेवढाच लागत होता, गुडघे तेवढेच दुखत होते, पण त्या आता दारात उभ्या राहून मोठ्यानं तारीख सांगायच्या. "नऊ दिवस राहिले टेलर." "आठ." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याचीसुद्धा धास्ती वाटत होती.

तीन दिवस राहिले होते. सकाळी मी दुकान झाडत होते. बाईंचे यजमान रस्ता ओलांडून आले आणि चौकटीपाशी थांबले, जिथे त्या थांबायच्या तिथेच. "ताई," ते म्हणाले, "ती उठंना." त्यांच्या पायात चप्पल नव्हती.

मी धावत गेले. बाई कुशीवर होत्या. मशीन नाकाला लावलेलं, चालू होतं, हवा सोडत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. किती वाजता, कुणाला कळलं नाही. यजमान एवढंच म्हणत होते, "लावलं व्हतं वो तिनं. तिनं सगळं पाळलं व्हतं." ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते, तरी प्रत्येक शब्द मला लागत होता. पहिली तारीख चुकली नसती तर, हा विचार मी तेव्हापासून रोज करते. तो हिशेब मला सुटत नाही. मी पळत सुटले नसते तर त्या त्याच दिवशी गेल्या असत्या. मी नीट बोलले असते तर कदाचित आज असत्या. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीत मी आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. पुण्याचा नंबर होता. तीच सिस्टर.

"ताई, उद्या सकाळी सातला आणा हं पेशंटला. आणि नीट ऐका. उपाशी म्हणजे काहीच नाही. साबुदाणा नाही, भगर नाही, दाणे नाहीत, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. आता आम्ही सगळ्याच पेशंटना असं एकेक नाव घेऊन सांगतो."

मी "हो, हो" म्हणत गेले. हातात खडू होता, तर समोरच्या कापडावर मी ते सगळं लिहूनही घेतलं. फोन बंद झाल्यावर कळलं, की सांगायचं ते सांगितलंच नाही.

थोड्या वेळानं मी परत फोन लावला. तिला म्हटलं, उद्याची बाईंची तारीख दुसऱ्या कुणाला तरी द्या, कुणीतरी थांबलेलं असेल.

"का हो?" ती म्हणाली. तिचा आवाज मायेचा होता. "परत घाबरल्या का त्या?"

बाकीचं मी नंतर सांगितलं. आधी त्याचं उत्तर दिलं.

"न्हाई सिस्टर. ह्या वेळेला बाई घाबरल्या नव्हत्या."